पापपुण्याची वजावट

मराठी बोलण्यात मृत्यूचा विषय निघाला की हिशोबाची भाषा आपसूक येते. कुणाच्या गाठीशी पुण्य असते, कुणाचे पूर्वजन्मीचे देणे फिटत नाही, कुणाच्या पापाचा घडा भरतो आणि अखेरीस सर्वांनाच चित्रगुप्तापुढे जमाखर्च द्यावा लागतो. ही भाषा इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यामागे एक ठाम गृहीतक दडलेले आहे हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. ते गृहीतक असे की बरीवाईट कर्मे एकाच मापाने मोजता येतात, पुण्यातून पाप वजा करता येते आणि जी शिल्लक उरते तिच्यावरून पुढची गती ठरते. या गृहीतकाची परीक्षा धर्मशास्त्राच्या ग्रंथांतून करता येतेच. पण वाणिज्य शाखेच्या पदवीसाठी जे लेखाशास्त्र शिकवले जाते तेही या कामी चांगले उपयोगी पडते, कारण हिशोब कशाने सिद्ध होतो, नोंद कधी करावी आणि कशातून काय वजा करता येते हे प्रश्न तेथे अलंकार म्हणून येत नाहीत, ते परीक्षेत सोडवावे लागतात.

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम महाविद्यालय सुरू झाले आणि हिशोब हा पदवीचा विषय झाला, तरी हिशोबाची आणि धर्माची सोबत त्याहून फार जुनी आहे. पाडव्याला नवी वही उघडताना व्यापारी पहिल्या पानावर ‘श्री’ काढतो. द्विनोंदी पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहाराची एक ‘नावे’ आणि एक ‘जमा’ अशी दुहेरी नोंद करण्याच्या पद्धतीचे, पहिले विस्तृत छापील विवेचन १४९४ साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाले. ते लिहिणारा लुका पाचोली हा फ्रान्सिस्कन पंथाचा साधू होता, आणि त्यानेही वहीचा आरंभ देवाच्या नावाने व क्रुसाच्या चिन्हाने करण्यास सांगितले आहे. मात्र खरेदीदाराला एक आणि विक्रेत्याला दुसरी अशा दोन वह्या ठेवून दोन्हींवर शपथा घेणारे व्यापारीही त्याला ठाऊक होते, आणि त्यांना त्याने दोष दिला आहे. वहीवरच्या देवनामाने आतला मजकूर खरा ठरत नाही, हे त्या साधूला पक्के माहीत होते. खोट्या वहीवरही ‘श्री’ असतोच.

पदवीच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याला ज्या क्रमाने हिशोब शिकवला जातो तो क्रम थोडक्यात असा. व्यवहार घडताच तो तारखेवार रोजकीर्दीत लिहायचा, तेथून खतावणीत म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा, सर्व खात्यांच्या शिलका एकत्र मांडून तेरीज काढायची, आणि तेरजेच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे नफातोटा पत्रक व ताळेबंद तयार करायचा. या क्रमात विद्यार्थी पहिल्यांदा अडखळतो तो भांडवलापाशी. मालकाने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसे ताळेबंदात देण्यांच्या बाजूला का दाखवायचे, हे त्याला उमगत नाही. त्याचे उत्तर ‘स्वतंत्र अस्तित्व’ या संकल्पनेत आहे. धंदा आणि मालक हे हिशोबापुरते वेगळे मानले जातात, त्यामुळे धंद्याजवळ जे जे आहे ते कुणाचे तरी देणे ठरते, मग तो सावकार असो, माल पुरवणारा असो वा खुद्द मालक. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण जन्मतःच ऋषी, देव आणि पितर यांचा ऋणी असतो असा विचार आला आहे, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यात मनुष्यांच्या ऋणाची भर घातली आहे. जवळ असलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी धनको उभा आहे, ही दृष्टी दोन्हीकडे एकच आहे.

तेरीज जुळण्याचा प्रश्न मराठी संतचरित्रात एका प्रसिद्ध कथेने आणला आहे. पैठणचे एकनाथ देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिष्य म्हणून राहिले, तेथे हिशोबाचे काम त्यांच्याकडे आले, आणि एका रात्री एका पैची चूक सापडेना म्हणून ते वह्या घेऊन जागत बसले. चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजवली, आणि एवढी एकाग्रता परमार्थात लागली तर काय होईल, असे गुरूंनी त्यांना सुचवले. कीर्तनात या कथेचा रोख एकाग्रतेवर असतो, आणि एक पै ही तेथे क्षुल्लकपणाची खूण म्हणून येते. रुपयाच्या १९२ पै होत असत, तेव्हा श्रोत्यालाही ते पटते. हिशोबाच्या बाजूने पाहिले तर कथेचा अर्थ थोडा बदलतो. तेरजेतील फरकाचा आकार आणि चुकीचा आकार यांचा परस्परांशी काहीही संबंध नसतो. एखाद्या खात्यावर ५४० च्या जागी ४५० पडले तर त्या बाजूला ९० कमी होतात, आणि त्याच बाजूला दुसरीकडे चुकून ९१ जास्त लिहिले गेले तर वहीत फरक दिसतो तो फक्त एकाचा. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असावी, आणि फरकाच्या निम्मी रक्कम वहीत कुठे सापडली तर ती उलट बाजूला पडली असावी, हे आडाखे विद्यार्थ्याला शिकवले जातात. पण एका पैच्या फरकाला यांपैकी कुठलाच आडाखा लागू पडत नाही, आणि प्रत्येक नोंद पुन्हा तपासण्यावाचून गत्यंतर राहत नाही. शिष्याने रात्र जागवली ती पैसाठी नव्हे. त्या पैच्या आड काही लपलेले नाही, हे गृहीत धरण्यास त्याने नकार दिला.

जागण्याचा हा संबंध आधुनिक व्यवसायानेही जोडला आहे. १९४९ साली स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या भारतीय संस्थेचे बोधचिन्ह श्रीअरविंदांकडून आले, आणि त्यावरचे संस्कृत वचन कठोपनिषदातले आहे. सारे निजलेले असताना जो जागा असतो त्या पुरुषाविषयीचे. उपनिषदात तो पुरुष चुका शोधत नाही, तो एकामागून एक काम्य वस्तू निर्माण करत असतो. हिशोबनिसाने असे काही निर्माण करणे त्या संस्थेला अर्थातच मान्य होणार नाही.

याहून महत्त्वाचा धडा पुढचा आहे. तेरीज जुळली म्हणजे हिशोब खरा झाला असे नाही. व्यवहार लिहायचाच राहून गेला, मुळातच चुकीची रक्कम दोन्हीकडे लिहिली गेली, यंत्राची खरेदी दुरुस्तीखर्चात घातली, किंवा दोन चुकांनी एकमेकींना झाकले, तर तेरीज निर्दोष दिसते आणि वही खोटी असते. यांपैकी शेवटच्या प्रकाराला भरपाईच्या चुका म्हणतात, आणि नीतिविचाराच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत बोलका आहे, कारण लोकांच्या मनातला पापपुण्याचा हिशोब बहुधा याच जातीचा असतो. काळाबाजार करून देवळाला कळस चढवणाऱ्याची बेरीज जुळलेली असते. लेखाशास्त्र मात्र सांगते की दोन चुका एकमेकींना भरून काढतात तेव्हा त्या दोन चुकाच असतात, आणि दोन्हींची दुरुस्ती वेगवेगळी करावी लागते.

येथून वजावटीचा मूळ प्रश्न उभा राहतो. ठरावीक कंपन्यांना लागू असलेल्या भारतीय लेखामानक १ मध्ये असा दंडक आहे की मालमत्ता व देणी, किंवा उत्पन्न व खर्च, एकमेकांतून वजा करून केवळ निव्वळ आकडा दाखवू नये; मानकाने तशी सक्ती किंवा मुभा दिली असेल तेवढाच अपवाद. एका गिऱ्हाइकाकडून १० लाख येणे आहे आणि दुसऱ्या व्यापाऱ्याचे १० लाख देणे आहे, तर ताळेबंदात शून्य लिहिता येत नाही. दोन्ही रकमा उभ्या राहतात, कारण येणे बुडू शकते आणि देणे तरीही द्यावेच लागते. नफ्याचा आकडा शेवटी वजाबाकीनेच निघतो हे खरे, परंतु ज्यांतून तो निघाला त्या रकमा पुसून टाकण्याचा अधिकार त्या आकड्याला मिळत नाही.

महाभारताच्या अखेरच्या, स्वर्गारोहण पर्वात नेमका हाच प्रश्न आला आहे आणि त्याचे उत्तरही लेखामानकाच्या बाजूचे आहे. स्वर्गात पोहोचलेल्या युधिष्ठिराला दुर्योधन वैभवात बसलेला दिसतो. नंतर त्याला एका घाणेरड्या, अंधाऱ्या जागी नेले जाते आणि तेथे भावांचे व द्रौपदीचे आवाज ऐकू येतात. इंद्र नंतर उलगडा करतो की ज्याचे पाप अधिक तो पुण्याचे फळ आधी भोगतो, ज्याचे पुण्य अधिक त्याला नरक आधी दाखवला जातो, आणि अश्वत्थाम्याच्या प्रकरणात अर्धसत्य सांगून द्रोणाचार्यांची फसवणूक केल्यामुळे युधिष्ठिरालाही ते दर्शन चुकले नाही. वजावटीचा नियम असता तर युधिष्ठिराच्या पुण्यराशीत ते अर्धसत्य कुठल्या कुठे विरून गेले असते, आणि दुर्योधनाला स्वर्गाचा वाराही लागला नसता. येथे दोन खाती स्वतंत्र ठेवली आहेत आणि दोन्ही पूर्ण भागवली जातात. ‘अधिक’ ठरवायला तरी काही माप लागतेच, असा आक्षेप यावर घेता येईल आणि तो रास्त आहे. परंतु त्या मापाचा उपयोग आधी कोणते खाते भागवायचे एवढा क्रम ठरवण्यापुरताच केला आहे, वजाबाकीसाठी केलेला नाही.

वजावट करायची तर काय लागते, हे चीनमधील एका परंपरेवरून स्पष्ट होते. तेथे बाराव्या शतकापासून गुणदोषांच्या वह्या प्रचारात आल्या, आणि त्यांत कोणत्या सत्कृत्याला किती गुण आणि कोणत्या दुष्कृत्याला किती दोष हे आकड्यांनी ठरवलेले असे. एकनाथांचा समकालीन असलेला युआन हुआंग (१५३३–१६०६) हा विद्वान अधिकारी अशी वही नेमाने लिहीत असे. पुत्रप्राप्तीसाठी त्याने ३,००० सत्कृत्यांचा संकल्प केला आणि राजदरबारच्या परीक्षेसाठी १०,००० चा. परीक्षेत यश मिळून तो जिल्ह्याचा अधिकारी झाल्यावर हे १०,००० पुरे होण्याचे लक्षण दिसेना, तेव्हा स्वप्नात एका देवपुरुषाने त्याला सांगितले की शेतजमिनीचा सारा कमी करण्याच्या त्याच्या एका निर्णयातच तो आकडा पुरा झाला आहे. या हकिकतीचे हसू येण्याचे कारण नाही; हजारो कुळांचा भार हलका करणारा हुकूम आणि एका भिकाऱ्याला दिलेली भाकर यांत फरक करण्याचा तो प्रामाणिक प्रयत्न होता. परंतु वजावटीसाठी समान चलन लागते, आणि कर्मासाठी ते चलन कुणीतरी पाडावे लागते, ही गोष्ट त्यातून उघड होते. लेखाशास्त्रात यालाच मुद्रामापनाची संकल्पना म्हणतात: जे पैशात मोजता येते तेवढेच वहीत येते, बाकीचे कितीही मोलाचे असले तरी वहीबाहेर राहते. भारतीय कर्मविचाराच्या मुख्य धारांनी असे चलन पाडले नाही. त्यांच्या मते प्रत्येक कर्माला स्वतःचे फळ आहे, म्हणून वजाबाकी तेथे निषिद्ध असण्याआधी मुळात अशक्यच आहे.

मग कर्म आणि फळ यांच्या मधल्या काळात काय टिकून राहते, हा प्रश्न उरतो. यज्ञ आज संपतो आणि स्वर्ग मरणानंतर मिळतो. मधल्या वर्षांत ते कर्म कोठे असते? मीमांसकांनी यासाठी ‘अपूर्व’ ही संकल्पना मांडली. कर्म संपल्यावर उरणारी आणि फळ देऊन शमणारी न दिसणारी शक्ती, असा तिचा अर्थ. उधारीने माल विकला की पैसे हाती येण्याची वाट न पाहता विक्रीच्याच तारखेला नोंद करायची, या उपार्जनाच्या तत्त्वाशी तिचे नाते विद्यार्थ्याच्या लगेच ध्यानात यावे. बौद्धांमधील एका मताने तर हिशोबाचाच दृष्टान्त घेतला. नागार्जुनाने मूलमध्यमककारिकेच्या सतराव्या प्रकरणात या मताची नोंद केली आहे, आणि त्यानुसार कर्म हे कर्जासारखे असून ‘अविप्रणाश’ नावाचा, नाहीसा न होणारा एक धर्म, म्हणजे तत्त्व, कर्जखतासारखा मागे उरतो. सावकाराचे पैसे खर्च होऊन जातात, खत राहते. नागार्जुनाला हे मत मान्य नव्हते, आणि कायम टिकणारा खातेदारही त्याच्या विचारात नाही. खातेदार नसताना खाते चालते ही कल्पना तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला जड जाते. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला ती जड जाऊ नये. कंपनी ही कायद्याने मानलेली व्यक्ती असून तिचे भागधारक आणि संचालक सारे बदलले तरी तिची देणी वर्षानुवर्षे पुढच्या वहीत ओढली जातात, हे तो रोज शिकतो.

वजावट नाही, तर प्रायश्चित्ताचे काय? गौतम धर्मसूत्रातच ही शंका उपस्थित झाली आहे: कर्म नष्ट होत नसल्यामुळे प्रायश्चित्त करूच नये असे काहींचे म्हणणे तेथे नोंदले आहे, आणि करावे असा पक्ष नंतर मांडला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने आणि तिच्यावरील विज्ञानेश्वराच्या मिताक्षरा टीकेने यात एक भेद आणला. अजाणता घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते; जाणूनबुजून केलेल्या पापात मात्र प्रायश्चित्ताने माणूस फक्त व्यवहाराला योग्य होतो, म्हणजे समाजाने त्याच्याशी संबंध ठेवण्याची आडकाठी दूर होते. लेखापरीक्षणाच्या पाठ्यपुस्तकातील चूक आणि अफरातफर हा भेद याच जागी आहे. दोन्हींत वही सारखीच बिघडते, रक्कमही तीच असू शकते, वेगळा असतो तो हेतू. आणि चुकीला दुरुस्तीची नोंद पुरते, तर अफरातफरीत नोंद दुरुस्त करूनही माणसाचा प्रश्न तसाच उरतो. शिवाय दुरुस्ती म्हणजे खाडाखोड नव्हे. चुकलेली नोंद जागेवर ठेवून तिच्या पुढे दुसरी नोंद करावी लागते. आपल्या सरकारने १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या संगणकप्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद तारखेसह राहिलीच पाहिजे, ती बंद करता येता कामा नये, असा नियम लागू केला तो याच समजुतीवर. प्रायश्चित्ताला पुण्याची वजावट समजणाऱ्याने हा नियम ध्यानात घ्यावा, कारण प्रायश्चित्त हे विशिष्ट पापापुरते ठरवून दिलेले असते, आणि अन्य कुठल्या दानाची शिल्लक त्याच्याकडे वळती करता येत नाही.

राहता राहिले निर्लेखन, म्हणजे येणे वसूल होणार नाही असे ठरवून ते वहीतून कमी करणे. ज्ञानाग्नीने कर्मे जळून जातात हा गीतेतील विचार आणि वेदान्तातील संचित, म्हणजे साठलेल्या, कर्मांचा नाश या कल्पना वरवर पाहता अशाच वाटतात, तरी वेदान्तानेही प्रारब्ध, म्हणजे ज्या कर्मांचे फळ भोगणे सुरू झाले आहे ती, या सवलतीतून वगळली. निर्लेखनाविषयी वाणिज्याचा विद्यार्थी एक साधी गोष्ट जाणतो: ते धनकोच करू शकतो, ऋणकोला स्वतःचे कर्ज स्वतःच्या वहीतून पुसता येत नाही, आणि धनकोलाही फक्त आपल्याच येण्यापुरता तो अधिकार आहे. आपल्या पुण्याईने आपली पापे धुऊन निघाली असे जो स्वतःच जाहीर करतो त्याची नोंद म्हणूनच ग्राह्य धरता येत नाही. देहूच्या सावकारी घराण्यातील तुकोबांनी कुळांची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हा प्रसंग या दृष्टीने पाहिला तर हिशोबातही बिनचूक आहे. वैराग्याच्या भरातही त्यांनी वाटणी आधी केली; धाकटे भाऊ कान्होबा यांच्या वाट्याची निम्मी खते त्यांच्या हवाली केली आणि बुडवली ती फक्त स्वतःच्या वाट्याची.